एका मडक्यात दोन दगड

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी चमकत नाही. मी मुन्याती नदीतला एक जुना गोटा आहे. करडा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. माझ्या पोटावरून एक पांढरी रेघ गेलेली आहे, तेवढेच काय ते माझे देखणेपण. ज्याला चकाकणाऱ्या दगडांचे कौतुक ऐकायचे असेल त्याने खुशाल उठून जावे. माझ्यासमोर त्यांचे नाव काढलेले मला खपत नाही.

दगडाला काय मन असते, असे तुम्ही म्हणाल. असे म्हणणाऱ्याला कधी कुणी मडक्यातून काढून चुलीपाशी भिरकावलेले नसते.

डोंगरापासून मी कधी सुटलो ते मला आठवत नाही. नदीने मला लोळवत लोळवत खाली आणले. वाटेत माझे सगळे कोपरे झिजले. तरुणपणी मी बराच टोकदार होतो, आता फक्त स्वभावाने आहे. काठाच्या उथळ पाण्यात माझ्यासारखे हजारो गोटे पडलेले होते आणि आमच्यात उच्चनीच काही नव्हते. म्हणजे ते दिवस सुखाचे होते. आजी मातिरासा आली आणि ते सुख संपले.

आजी मातिरासा ही आमच्या वस्तीतल्या प्रार्थनेच्या मंडळीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. अंगात पायघोळ पांढरा झगा, पाय अनवाणी, हातात काठी. दर शुक्रवारी मंडळी मोठ्या मुसासाच्या झाडाखाली जमत, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. कुणाच्या घरी दुखणे असले की आजी नदीवर येऊन एक गोटा निवडून न्यायची, त्यावर प्रार्थना करायची आणि त्या घरी द्यायची. घरच्यांनी तो पिण्याच्या पाण्यात ठेवायचा. आमच्याकडे ही पद्धत फार जुनी आहे.

पण आजीची त्यातही एक रीत होती. गोटा उचलला की ती तो आधी जिभेला लावून बघायची. मग एका शुक्रवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत तो स्वतःच्या मडक्यात ठेवायची आणि तेच पाणी प्यायची. "जे मी प्यायले नाही ते दुसऱ्याच्या लेकराला कसं पाजू?" असे ती म्हणे. तिने मला उचलले तेव्हा शेजारचे गोटे हेव्याने बघत होते. मला ते फार आवडले, हे कबूल करायला मला काही लाज वाटत नाही.

मी गेलो तो माई सेकाईच्या घरी. आमच्याकडे बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती माई सेकाई. तिची सेकाई तेव्हा चालायला लागली होती आणि तिला आकडी येत असे. खेळता खेळता पोर लाकडासारखी ताठ व्हायची, डोळे फिरवायची. नवरा फनुएल दूर, सोन्याचे दगड दळणाऱ्या गिरणीत कामाला. पगार झाला की तेवढा घरी यायचा. बाकीचे दिवस मायलेकी दोघीच.

"घे मुली," आजीने मला तिच्या हातात ठेवले. "विकत नाही, उसना आहे. काम झालं की नदीला परत."

"आजी, याने आकडी थांबेल ना?"

"आकडी थांबवायला दवाखान्यात गोळी देतात. नर्सबाईने सांगितलीय ना? ती रोज द्यायची, एक दिवस चुकवायची नाही. हा गोटा पोरीसाठी नाहीच. तुझ्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? मला काय झालंय?"

"हात बघ तुझे कसे थरथरतात. गोळी देताना निम्मं पाणी सांडतेस. देव घरात आहे असं वाटलं की थरथरणार नाहीत."

हे ऐकून मला केवढा अपमान वाटला म्हणून सांगू! एवढी प्रार्थना, एवढा मान, आणि काम काय, तर बाईचे हात धरायचे. खरे काम त्या इवल्याशा पांढऱ्या गोळीचे! तिला ना आकार ना वजन. पाण्यात टाकली तर विरघळून जाईल, एवढीच तिची हिंमत. त्या दिवसापासून मी त्या गोळीचा दुस्वास करू लागलो.

सकाळी माई पाणी काढायला मडक्यात भोपळ्याचा तुंबा बुडवायची, तेव्हा तो माझ्या डोक्याला लागून टक्क वाजायचा. मग सेकाई पाण्याबरोबर गोळी गिळायची. हळूहळू आकडी थांबली. माईचे हातही थांबले. सेकाई वाढू लागली, मडक्यात हात घालून मला बाहेर काढू लागली आणि माझी पांढरी रेघ बोटाने गिरवू लागली. शेजारणी यायच्या आणि मडक्यात डोकावून म्हणायच्या, "हाच का गं तो गोटा? काय गुण आहे हो याचा!" गोळीचे नाव कुणी काढत नसे. मीही आठवण करून दिली नाही. इतकी वर्षे स्तुती ऐकून मला खरेच वाटू लागले होते की पोर माझ्यामुळे उभी आहे.

मग आजी मातिरासाचे गुडघे गेले. नदीवर उतरणे तिला जमेना. मंडळीत तिच्या जागी नेहेमिया उभा राहू लागला. उंच, गोड गळ्याचा माणूस. त्याचा झगा इतका पांढरा, की त्याची बायको केझिया दिवसभर तोच धूत असावी असे वाटे. नेहेमिया नदीवर जात नसे. त्याचे दगड कुठून येत ते कुणाला ठाऊक नव्हते. पण दगड असे, की हातात घेतला की बायकांच्या तोंडून आपोआप "अगंबाई!" निघावे. चांदीसारखे चकाकणारे, कडा तासलेल्या, मध्येच पिवळसर झाक. आणि ते उसने नव्हते. विकत होते. ज्याची चमक जास्त त्याचे मोल जास्त.

माईला खरे तर काय कमी होते? मी होतो. पण एका दुपारी सेकाई शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, मी म्हातारी होईपर्यंत ही गोळी खायची का गं?"  दवाखाना लांब. कधी कधी तिथल्या गोळ्या संपलेल्या असत, मग पुन्हा तंगडतोड. तो प्रश्न माईच्या मनात घर करून बसला, आणि तोच घेऊन ती नेहेमियाकडे गेली. मला कमरेच्या फडक्यात बांधून बरोबर नेले होते, त्याला दाखवायला. म्हणून पुढचे बोलणे मी स्वतः ऐकले आहे.

नेहेमियाने मला दोन बोटांत धरले, फिरवले आणि खाली ठेवले. "माई, हा चांगला आहे. जुन्या काळचा आहे. पण मला एक सांगा, गोळी अजून चालूच आहे ना?"

"चालू आहे, बाबा."

"म्हणजे रोगही आहेच. गोळी त्याला झोपवते, मारत नाही. हा दगड बघा. हा मुळापासून काढतो."

त्याने मूठ उघडून दगड दाखवला आणि माईचे डोळे तिथेच अडकले. मी समोर पडलो होतो, पण मला कोण बघतो!

"फक्त एक अट आहे," नेहेमिया म्हणाला. "हा मानी दगड आहे. घरात गोळी असली तर हा काम करत नाही."

मानी! मला जन्मात कुणी मानी म्हटले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माईने त्या मानी दगडासाठी आपली गाभण शेळी दिली. माझ्यासाठी कुणी मूठभर शेंगदाणेही दिले नव्हते. आजीने घेतले नसते ती गोष्ट वेगळी, पण देऊन तरी बघायचे!

अशी माझ्या मडक्यात सवत आली.

मित्रांनो, एका मडक्यात दोघांनी राहणे म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. वरून उजेड पडला की तो लखलखायचा आणि त्याच्या उजेडात मी आणखीच मळका दिसायचो. शेजारणी पुन्हा येऊ लागल्या, पण आता म्हणत, "तो करडा कशाला ठेवलाय अजून?" मी त्याला विचारले, "कुठला रे तू?" त्याने उत्तर दिले नाही. देखण्यांना बोलायची गरज नसते. सगळ्यांत जास्त लागले ते सेकाईचे. ती मडक्यात हात घालायची आणि मला बाजूला सारून त्याला काढायची. उन्हात धरून भिंतीवर कवडसे पाडायची. माझी रेघ गिरवायला तिला वेळ नव्हता.

एकच गोष्ट मनासारखी झाली. माईने गोळ्यांची पुडी डब्यात घालून डबा छपराच्या गवतात खोचून टाकला. माझ्या दोन वैऱ्यांपैकी एकाला दुसऱ्याने परस्पर हुसकले होते. मी खुशीत होतो.

थोड्याच दिवसांत मला पाणी वेगळे लागू लागले. मी जन्मभर पाण्यात राहिलेला आहे, पाण्याची चव मला कळते. त्या चकाकणाऱ्याच्या अंगाचा कसलातरी अंश पाण्यात उतरत होता. मडक्याला आतून पिवळट कड धरली. पण तुम्हाला काय सांगू, माझे मलाच खरे वाटेना. मी त्याच्यावर इतका जळत होतो, की तो मधासारखा गोड असता तरी मला कडूच लागला असता. आणि खरे असले तरी दगडाने बोलायचे कुणाला?

सेकाईचे पोट दुखू लागले. मग ओकाऱ्या. साद्झाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, घास पुढे केला की ती तोंड फिरवायची. मक्याच्या पिठाची पेज दिली तर तीही ठरत नसे. माई धावत नेहेमियाकडे गेली आणि परत आली ती हसतच.

"ते म्हणाले, चांगली खूण आहे," ती शेजारणीला सांगत होती. "रोग बाहेर पडतोय. पण खोलवरचा आहे, एका दगडाला आवरत नाही. म्हणून हा दुसरा दिलाय, मोठा."

शेजारणीने मोठ्यावरून हात फिरवला. "आणि हा करडा?"

"आता मडक्यात जागाच नाही गं."

एवढे बोलून तिने मला बाहेर काढले आणि चुलीपाशी टाकले. पुढे माझ्याकडे काम आले ते शेंगदाणे फोडायचे. आजी मातिरासाच्या हातचा गोटा मी! टरफलांत लोळत पडलो होतो आणि मडक्यात त्या दोघांचा थाट चालला होता. मनात आले, बरे झाले, फजिती होऊ दे सगळ्यांची. मग एका सकाळी सेकाई अंगणात ताठ होऊन पडली. इतक्या वर्षांनी आकडी परत आली होती. माई तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे हात थरथरत होते. ते बघितल्यावर मात्र कुणाची फजिती व्हावी असे मला वाटेना.

दोन दिवसांनी फनुएल पगार घेऊन घरी आला. पोर अंथरुणाला खिळलेली. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, पाणी प्यायला मडक्याशी गेला आणि आत बघून थबकला.

"हे काय आणि?"

"प्रार्थनेचे दगड आहेत. बाबा नेहेमियांनी दिलेत."

"दिलेत की विकलेत? शेळी दिसत नाही दावणीला." त्याने मोठा दगड बाहेर काढला आणि दारातल्या उजेडात धरला. त्याचे डोळेही चमकू लागले. "अगं, हा बघ कसा चकाकतोय! यात सोनं असलं तर? फोडून बघतो जरासा."

"देवाच्या दगडात सोनं शोधताय? लाज नाही वाटत? पोर तिथे पडलीय—"

"पोरीसाठीच म्हणतोय ना! सोनं निघालं तर शहरातल्या डॉक्टरला दाखवू." त्याने इकडेतिकडे पाहिले आणि टरफलांतून मला उचलले. "हा चालेल."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा क्षण. त्या मानी दगडाचा मोठा भाऊ उंबऱ्यावर ठेवलेला होता आणि मी वर, फनुएलच्या मुठीत. त्याने हात उगारला आणि मी माझ्या सगळ्या वजनानिशी त्या चमकदार टाळक्यावर जाऊन आदळलो. ठिणगी उडाली. नदीने मला उगाच नाही घडवले! पुन्हा आदळलो. त्याचा कोपरा उडाला आणि घरभर वास पसरला. लसणीचा. उग्र, नाकात बसणारा.

फनुएलच्या हातून मी खाली पडलो. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हे पाणी कोण कोण प्यालं?"

"का? काय झालं?"

"माई, कोण प्यालं सांग!"

"सेकाईच पिते. मी आधी तिला देते. बाबा म्हणाले, आईने उष्टं करायचं नाही. मी भांडीवाल्या बादलीतलं पिते."

"गिरणीत हा दगड फुटला की असा वास येतो," फनुएल म्हणाला. "मग आम्ही तोंडाला फडकी बांधतो. यात विष असतं. गिरणीमागच्या ढिगावर हेच पडलेले असतात, आणि तिथल्या डबक्यावर आम्ही शेळ्यासुद्धा जाऊ देत नाही. हे त्यानं ढिगावरून उचललेत गं. आणि तू पोरीच्या मडक्यात ठेवलेस!"

 माईने पोरीला पाठीशी बांधले, छपरातला डबा ओढून काढला, दगडाचा तुकडा फडक्यात गुंडाळला आणि फनुएलच्या सायकलच्या मागे जाऊन बसली. पुढचे मला ऐकूनच कळले, कारण मला कुणी दवाखान्यात नेले नाही. गोळीला मात्र नेले.

नर्सबाईने गाडी मागवून सेकाईला मोठ्या इस्पितळात धाडले. तिथे ती बरेच दिवस होती. घर रिकामे होते. मी चुलीपाशी पडून मनात एकच घोकत होतो, ती परत येऊ दे. मला पाण्यात नाही ठेवले तरी चालेल. मग लगेच वाटायचे, नाही, ठेवावेच. पण ती परत येऊ दे.

ती आली. काटकुळी झालेली, केस विरळ झालेले, पण स्वतःच्या पायांनी चालत. गोळी पुन्हा सुरू झाली होती. माईने घरात पाऊल टाकताच मडक्यातले पाणी एका बाटलीत भरून घेतले आणि मडके अंगणात आपटून फोडले. माझे घर होते ते. पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

"आता बाटली कशाला भरलीस?" फनुएलने विचारले.

"शुक्रवारी लागेल."

"सोड ना, माई. आपली पोर आली परत. उगाच वैर कशाला?"

"आपली आली. बाकीच्या घरांतल्या मडक्यांचं काय?"

शुक्रवारी ती पांढरा झगा घालून झाडाखाली गेली. गाठोड्यात मी होतो, तो फुटका चमकदार होता आणि बाटली होती. नेहेमियाचे बोलणे रंगात आले होते. माई उठून उभी राहिली, सगळ्यांच्या मध्ये गेली आणि आम्हा दोघांना जमिनीवर शेजारीशेजारी ठेवले. मग तिने बाटलीतले पाणी कपात ओतले.

"बाबा नेहेमिया, हा गोटा मला आजी मातिरासाने उसना दिला. हा दुसरा तुमचा, असल्याच दगडासाठी मी शेळी दिली. आजी कुणाला गोटा द्यायच्या आधी त्याचं पाणी स्वतः प्यायची. हे तुमच्या दगडाचं पाणी आहे. तुम्ही एवढं प्या."

"प्रार्थनेच्या जागी परीक्षा घ्यायची नसते, माई."

"परीक्षा कसली? केव्हाचे बोलताय, घसा सुकला असेल."

बायकांत खसखस पिकली. बाजूला चटईवर टेकून बसलेल्या आजी मातिरासाने मान वर केली. नेहेमियाने कप घेतला. लोकांसमोर नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने डोळे मिटले आणि पाण्यावर प्रार्थना सुरू केली. प्रार्थना लांबली. आणखी लांबली. मागून कुणीतरी म्हणाले, "बाबा, पाणी वाळून जाईल हो!"

तेव्हा केझिया उठली. बायकांनी पुरुषांच्या बाजूला जायचे नसते, पण ती सरळ चालत गेली. तिने नवऱ्याच्या हातून कप काढून घेतला आणि पाणी मातीत ओतून टाकले.

"आमच्या घरच्या मडक्यात यांचा एकही दगड नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. "मला हवा होता. मी दोनदा मागितला. हेच म्हणाले, आपल्याला कशाला, आपल्याकडे कोण आजारी आहे?" मग ती त्याच्याकडे वळली आणि आवाज खाली आला. "तुम्हाला माहीत होतं का हो?"

नेहेमिया रिकाम्या कपाकडे बघत राहिला. त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कदाचित ढिगावर वाकताना त्याने शेळ्यांची वाट का वळवलेली असते हे कधी कुणाला विचारलेच नसेल. विचारायला नको वाटणे हेही एक प्रकारचे माहीत असणेच, असे मला वाटते. मी मात्र त्या वेळी त्याच्याकडे बघतच नव्हतो. माझ्या शेजारी तो फुटका पडला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी तो आनंद पुरेपूर घेतला.

मंडळी गाणे न म्हणताच उठली. बायका धावतच घरी गेल्या आणि घरोघरची मडकी उपडी झाली. एका बाईने ते दगड नदीत फेकायचे म्हटले, तर आजी मातिरासा काठी आपटून ओरडली, "नदीत नको! नदीने काय वाकडं केलंय तुमचं?" फनुएलने ते पोत्यात भरून ज्या ढिगावरून आले तिथेच परत नेऊन टाकले. नदीला परत जायचा मान आमच्याच जातीचा राहिला. ते एक बरे झाले.

आता माझी पाळी, असे मला वाटले. नवीन मडके येणार, मी त्यात बसणार, तुंबा माझ्या डोक्याला लागून टक्क वाजणार. माईने बाजारातून झाकणाची बादली आणली. मी वाट बघत राहिलो.

"या घरात पिण्याच्या पाण्यात आता काही पडणार नाही," ती म्हणाली. "चमकणारं नाही आणि न चमकणारंही नाही."

सेकाईने मला मुठीत धरले होते. "मग याला नदीला द्यायचं?"

आजी मातिरासा दारात बसली होती. "अजून नको," ती म्हणाली. "आईचे हात बघ आधी."

माईने हात पाठीमागे लपवले.

मित्रांनो, मी गोटा आहे. तुमच्याकडेही कुणी गोटा, कुणी गंडा, कुणी मंतरलेले पाणी घेऊन येईल. आमच्याकडे जरूर बघा. मनाला धीर वाटत असेल तर उशाशीही ठेवा, आम्हाला ते आवडते. पण जो देतो त्याला आधी विचारा, हे तुझ्या घरी आहे का, तुझी पोरे हे पितात का. आणि औषध बंद कर असे तो म्हणाला, तर लेकराचा हात धरा आणि तिथून चालते व्हा. एवढे माझे ऐका. दगडाकडून दगडाचेच काम घ्यावे.

माझे काम सांगतो. इस्पितळातून आल्यावर माई गोळ्यांची पुडी बादलीच्या झाकणावर ठेवू लागली, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. एके दिवशी वाऱ्याने पुडी उडाली आणि कोंबडीने ती अंगणभर पळवली. माई तिच्यामागे धावून दमली. परत येऊन तिने पुडी झाकणावर ठेवली आणि वर मला ठेवले.

तेव्हापासून मी त्या गोळीवर बसून असतो. इतक्या वर्षांची माझी वैरीण, आणि तिला वाऱ्यापासून, कोंबडीपासून सांभाळायचे मी! मला ती अजूनही आवडत नाही. पण मी हलत नाही. सकाळी माई तुंब्यात पाणी घेते. आता एक थेंबही सांडत नाही. मग सेकाई येते, माझी पांढरी रेघ बोटाने गिरवते आणि पुडी घ्यायला मला उचलते. गोळी तिच्या पोटात जाते, मान्य आहे. पण आधी मला उचलावे लागते.